सिंधू खोटं का बोलली? 'एकच प्याला'तल्या बायकांची पार्श्वभूमी

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' नाटक म्हटलं की सुधाकर, त्याला दारूकडे ओढणारा तळीराम आणि दारू एवढंच आठवतं लोकांना, पण नाटकाचा शेवट खरंतर एका जबाबावर आहे. नशेत सुधाकरच्या हातून बाळ जातं, त्याची बायको सिंधू जबर जखमी होते, आणि पोलीस आल्यावर ती मरता मरता नवऱ्याचं नाव न घेता चक्क खोटं सांगते. शंभर वर्षं लोक या सीनला रडतायत. पण हे गडकऱ्यांना असंच सुचलं असं समजायचं कारण नाही, त्याच्या मागे बरंच काही आहे.

एक म्हणजे शेक्सपिअर. 'ऑथेल्लो'मध्ये नवऱ्याने गळा दाबल्यावर डेस्डिमोना, हे कोणी केलं असं विचारल्यावर, कोणी नाही मीच, असं म्हणून मरते. गंमत अशी की ज्या इटालियन गोष्टीवरून (1565) हे नाटक घेतलं त्यात ती असं काही बोलत नाही, उलट देवाला साक्षी ठेवून आपण निर्दोष आहोत म्हणते. म्हणजे खोटं बोलून नवऱ्याला वाचवणारी बायको ही शेक्सपिअरची भर. आणि मराठीला ती लवकर भेटली, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 सालीच 'ऑथेल्लो' मराठीत आणलं, मग 1890 मध्ये त्याच नाटकावरून देवलांचं 'झुंजारराव' आलं, त्यामुळे सिंधू स्टेजवर येईपर्यंत मराठी प्रेक्षकाला हा प्रकार चांगलाच ओळखीचा झाला होता.

दुसरं म्हणजे कायदा, आणि हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. 1872च्या पुरावा कायद्यात कलम 32 प्रमाणे मरणाऱ्या माणसाने आपल्या मरणाच्या कारणाबद्दल केलेलं विधान कोर्टात पुरावा म्हणून चालायचं, कारण मरताना माणूस खोटं बोलणार नाही असं धरलेलं होतं. सुधाकर स्वतः वकील! त्याची सनद गेली तिथून सगळी घसरण सुरू होते, आणि शेवटी त्याला वाचवायला जे पुढे येतं ते कायद्याच्या भाषेत सगळ्यात विश्वासाचं मानलेलं बोलणं, फक्त ते खोटं आहे.

बरं, सिंधूला दुसरी वाट काय होती? हिंदू बाईला घटस्फोट तेव्हा कायद्यात जवळपास नव्हताच, मुंबई प्रांतात तो 1947 मध्ये आला आणि देशभर 1955च्या हिंदू विवाह कायद्याने. पण वेगळं राहायचं म्हटलं तरी काय व्हायचं ते रखमाबाईंच्या खटल्यात दिसलं होतं. लहानपणी लग्न झालेलं, मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे जायला नकार दिला, नवऱ्याने 1884 मध्ये दावा लावला, आणि 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, तर बाई म्हणाल्या तुरुंग चालेल. 1888 मध्ये तडजोड झाली, पुढे त्या डॉक्टर झाल्या. टिळकांचा 'केसरी' तेव्हा त्यांच्या विरोधात होता हेही लक्षात ठेवा. हे सगळं नाटकाच्या तीसेक वर्षं आधीचं, त्यामुळे 1919चा प्रेक्षक काही अजाण नव्हता. ताराबाई शिंद्यांचं बायकांची बाजू मांडणारं पुस्तक 'स्त्रीपुरुष तुलना' 1882चं, कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम 1896चा, महिला विद्यापीठ 1916चं. नाटकातली शरद बालविधवा आहे, तिच्या निमित्ताने गडकरी हा विषय घेतातही. पण सिंधूची वेळ येते तेव्हा दारं तेच बंद करतात. तिचं माहेर पैसेवालं, भाऊ पद्माकर मदतीला तयार, तरी ती नवऱ्याच्याच कमाईवर जगायचं असं ठरवून बसते आणि दुसऱ्यांचं दळण दळत राहते. ही गरिबी लेखकाने ठरवून आणलेली आहे, मला तरी असंच वाटतं.

तळीरामाची बायको गीता मात्र नवऱ्याला फटाफट उत्तरं देते. नवरा तिचाही दारुडाच. पण तिच्या वाट्याला बहुतेक विनोदी प्रवेश आलेत, म्हणजे जी उलट बोलते तिला हसायचं आणि जी सोसते तिच्यासाठी रुमाल काढायचा. 'ऑथेल्लो'मध्ये निदान खलनायकाच्या बायकोला, एमिलियाला, शेवटी खरं बोलायला मिळतं, त्यात तिचा जीव जातो तो भाग वेगळा.

आता हे स्टेजवर कसं आलं ते बघा. गडकरी 23 जानेवारी 1919ला गेले, वय फक्त 33, नाटक त्यांच्या मागे गंधर्व नाटक मंडळीने आणलं. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. म्हणजे सोशिक बायको पुरुषाने लिहिली आणि पुरुषानेच केली, आणि 'कशि या त्यजू पदाला' इतकं गोड गायलं की ते सोसणंच हवंहवंसं वाटायला लागलं. काही पदांच्या चाली गायिका सुंदराबाई जाधवांकडून आलेल्या, पण पुरुष कंपनीच्या स्टेजवर बाईला जागा नव्हती. बायकांच्या वेगळ्या कंपन्या होत्या, त्यांना प्रतिष्ठा नव्हती. 1933च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे पुरुष नटांबरोबर उभ्या राहिल्या तोवर बालगंधर्वांची सिंधू लोकांच्या डोक्यात पक्की बसली होती, नंतर ज्या ज्या बाईने ती भूमिका केली तिला आधी त्यांच्याशीच तुलना सोसावी लागली.