अंडी राहू द्या, शेजाऱ्यांना हलवा

काचेवर, सपाट दगडावर किंवा थेट फिल्टरच्या पाइपवर एक-दीड मिलिमीटरचे पिवळट ठिपके ओळीने चिकटलेले दिसले, आणि एरवी शांत असलेली जोडी टँकमधल्या बाकी सगळ्यांना एका कोपऱ्यात रेटू लागली, की समजायचं, सिक्लिडने अंडी घातली. बहुतेकांचा हात इथे जाळीकडे जातो. जाऊ नये. सिक्लिड मासे अंडी टाकून निघून जाणाऱ्यांतले नव्हेत. या कुळात सुमारे 1,700 जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि पिल्लांची राखण हा त्यांचा कुळाचारच म्हणावा लागेल.

एंजल, ऑस्कर, कॉन्व्हिक्ट, रॅम हे सगळे सिक्लिड दगड-पानासारख्या पृष्ठभागावर अंडी चिकटवणारे. मादी ओळ घालत पुढे सरकते, नर मागून तीच ओळ फलित करत जातो. मग पहारा सुरू होतो. जवळ जाऊन पाहिलंत तर एक पालक अंड्यांपुढे जागच्या जागी राहून छातीचे पर सतत हलवताना दिसेल. अंड्यांवरचं पाणी हलतं राहिलं तरच त्यांना ऑक्सिजन पुरतो. अधूनमधून तो तोंडाने एखादं अंडं अलगद उचलतो. ते मेलेलं, पांढरं पडलेलं अंडं असतं. तसंच राहिलं तर त्यावर बुरशीचे तंतू फुटतात आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. हे निवडण्याचं काम आपण चिमट्याने करू शकू, पण इतक्या सफाईने नाही.

पालक अंडी खातात हेही खरं, आणि त्यावरून लोक जोडीला नावं ठेवतात. पण माशाच्या बाजूने पाहिलं तर व्यवहार सरळ आहे. शत्रू जवळ आहे, अंडी वाचणार नाहीत असं दिसलं, तर ती खाऊन खर्ची पडलेली ताकद परत मिळवायची आणि पुढच्या खेपेची तयारी करायची. नव्या जोडीच्या पहिल्या एक-दोन खेपा अशाच जातात. म्हणून माझं मत असं, की अंडी हलवण्यापेक्षा बाकीचे मासे दुसऱ्या टँकमध्ये हलवावेत. त्यातही सर्वांत आधी काचेला चिकटून हिंडणारा सकर मासा काढावा. तो रात्री बाहेर पडतो, अंधारात पालकांना दिसत नाही, आणि सकाळी दगड स्वच्छ! रात्री खोलीत एखादा मंद दिवा ठेवला तरी पालकांचं काम सोपं होतं. क्वचित नर मादीच्याच जिवावर उठतो; तसं झालं तर मध्ये जाळी घालावी.

सगळीच अंडी दोन दिवसांत पांढरी पडली तर दोष पाण्याचा असेलच असं नाही. दोन एंजल माद्याही जोडी जमवतात आणि मनोभावे वांझ अंडी सांभाळतात. फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट हे माणसाने तयार केलेले सिक्लिडांचे संकर. त्यांच्यातले बरेचसे नर निर्बीज असतात.

फलित अंडी 27-28 अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवसांत फुटतात आणि मग एक हमखास घोटाळा होतो. दगड रिकामा दिसतो, आपण हळहळतो. पण कॉन्व्हिक्टने पिल्लं तोंडात घेऊन खडीत उकरलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवलेली असतात, एंजलने एका पानावरून दुसऱ्या पानावर. या पिल्लांना अजून पोहता येत नाही. डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी ती पृष्ठभागाला धरून राहतात आणि शेपट्या वळवळवतात. पोटाशी बलकाची पिशवी असते, चार-पाच दिवसांची शिदोरी. या दिवसांत खाणं घालू नये. पिल्लं ते खात नाहीत आणि पाणी मात्र नासतं.

पोहू लागली की मात्र भूक अनावर. सर्वांत भरवशाचं खाणं म्हणजे ब्राइन श्रिम्प या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची नुकती फुटलेली पिल्लं. त्यांची अंडी खारट पाण्यात फुटायला साधारण एक ते दीड दिवस लागतो, म्हणून तयारी पिल्लं पोहायला लागण्याआधीच करायची. पोटं नारिंगी दिसली की खाणं पोचलं. मोठा फिल्टर पिल्लं ओढून घेतो. त्याच्या जागी स्पंज फिल्टर लावावा. रोज थोडं पाणी बदलावं. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि टँकमधल्या पाण्याच्याच तापमानाचं हवं.

अंडी वेगळी काढायचीच असतील तर दगड किंवा पान पाण्याबाहेर न सुकवता, त्याच टँकच्या पाण्याने भरलेल्या छोट्या टँकमध्ये न्यावं. शेजारी बुडबुड्यांची धार आणि पाणी फिकट निळं होईल इतपत मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारं औषध. हे औषध मुख्य टँकमध्ये ओतू नये, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरू शकतात. डिस्कस या सिक्लिडच्या बाबतीत हा मार्ग विसरा. त्याची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंडी घातल्यावर या स्रावातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढलेली आढळली.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडांची तऱ्हाच निराळी. अंडी दिसतच नाहीत. मादीचा गळा फुगलेला आणि खाणं बंद, एवढीच खूण. घातलेली अंडी ती तत्काळ तोंडात घेते. मग नराच्या गुदपरावरच्या अंड्यांसारख्या ठिपक्यांना टोचायला जाते आणि तेव्हाच शुक्रजंतू तिच्या तोंडात शिरतात. सुमारे तीन आठवड्यांनी बाहेर पडणारी पिल्लं लगेच बारीक चुरलेलं खाणं खातात. तोवर तिला जाळीत धरण्याचा मोह टाळावा. घाबरली तर ती पिल्लं अवेळी थुंकते किंवा गिळते.

एक हिशेब आधीच करून ठेवावा. ऑस्कर एका खेपेला हजारावर अंडी घालतो. सगळी जगवली तर ठेवणार कुठे? काही पिल्लं टँकमध्येच खाल्ली गेली तर तो निर्दयपणा नव्हे. नदी-तळ्यात सोडणं मात्र साफ चूक, तिथल्या मूळ माशांच्या मुळावर येणारं.

कॉन्व्हिक्टसारखी जोडी काही आठवड्यांत पुन्हा तयार होते. दोघं दगड तोंडाने घासू लागले आणि इतके दिवस जपलेल्या पिल्लांनाच हुसकावू लागले, की पिल्लांना वेगळ्या टँकमध्ये हलवण्याची वेळ झाली.