व्यापारातील संवाद (कोकण किनारा)

मासळी आणि आंबा या कोकणातील दोन नाशवंत मालांच्या खरेदी-विक्रीत भाव, आवक आणि हवामान यांची खबर पोहोचवण्याच्या, आणि प्रसंगी दाबून ठेवण्याच्या, रीती. माल टिकत नाही आणि मोठे गिऱ्हाईक मुंबई-पुण्याकडे असते. त्यामुळे भाव आधी कोणाला कळला, यावर नफा कोणाच्या पदरात पडणार हे बरेचसे अवलंबून राहते.

मासळीचा सौदा उघड्यावर होतो. दापोली तालुक्यातील हर्णै बंदरावर वाळूतच लिलाव भरतो. रत्नागिरीचा मिरकरवाडा आणि मालवण येथेही तोंडी बोली चालते. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी असे वाटे मांडले जातात आणि निर्यातदाराचा माणूस, गावोगाव फिरणारा विक्रेता व डोक्यावर पाटी घेऊन आलेली कोळीण एकाच रिंगणात उभे असतात. बोली सगळ्यांच्या कानावर पडत असल्याने त्या दिवशीचा भाव बंदरावर कोणापासून लपत नाही. लपते ते समुद्रातले. मासळी नेमकी कुठे लागली, हे तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सहसा सांगत नाही.

किनाऱ्याजवळ मोबाइल आणि त्यापलीकडे व्हीएचएफ वायरलेस संच, अशी बोटींची सोय असते. व्हीएचएफवर संकटाच्या हाकेसाठी 16 क्रमांकाची वाहिनी राखीव आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्रीय संस्था उपग्रहांवरून पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी सापडण्याजोग्या क्षेत्रांची सूचना देते. वादळी हवेत बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. तो चढला की बोटी आसऱ्याला येतात, आवक आटते आणि बाजारात भाव वधारतात.

हापूसचा मोठा बाजार गावापासून दूर, नवी मुंबईत वाशीला आहे. तेथे वर्षानुवर्षे रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत चालत आली. बाजार समितीच्या व्यवहारात उघड लिलाव अपेक्षित असताना शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळू नये, अशीच ही मांडणी आहे. देवगड किंवा राजापूरच्या बागायतदाराला तर पेटी रवाना केल्यावर येणाऱ्या ‘पट्टी’वरूनच सारे समजे. विक्रीची रक्कम, त्यातून वजा झालेले भाडे, हमाली वगैरे आणि उरलेला आकडा एवढेच त्या कागदावर असते. माल कोणाला आणि कितीला गेला हे ताडून पाहण्याचे साधन बागायतदाराकडे नव्हते, म्हणून हा व्यवहार दलालाच्या शब्दावर आणि पिढ्यांच्या ओळखीवर चाले.

मोबाइल आल्यावर हे बदलले, पण वाटते तितके नाही. केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाइल सेवा सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या बंदराबंदरांतील तारली (सार्डिन) मासळीच्या भावातील तफावत त्यानंतर घटल्याचे आणि फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ संपल्याचे दिसले. कोकणात मात्र उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाचा, अडसर आहे. जाळ्यासाठी, डिझेलसाठी किंवा बागेच्या फवारणीसाठी ज्याच्याकडून आगाऊ पैसे घेतले त्यालाच माल द्यायचा, असा तोंडी करार असतो. अशा वेळी पलीकडच्या बंदराचा चढा भाव फोनवर कळूनही बोट तिकडे वळत नाही. खबर आणि मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गिऱ्हाइकाशी थेट बोलणे वाढले ते 2020 च्या टाळेबंदीत. बाजार विस्कळीत झाल्यावर अनेक बागायतदारांनी व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत पेट्या पोहोचवल्या. येथे प्रश्न भावाचा कमी आणि खरेपणाचा जास्त, कारण कर्नाटकातला आंबाही देवगडच्या नावाने खपवला जातो. पेटीतली रद्दी कानडी आहे का ते पाहा, असा जुना सल्ला आहे. मराठी रद्दी मिळवणे अवघड नसल्याने त्याचा उपयोग बेताचाच. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यानुसार रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांबाहेरच्या फळाला हे नाव लावता येत नाही.