गाजर, चष्मा आणि अंधारातली विमानं

‘रोज गाजर खा, चष्मा उतरेल, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक गाजरं खाऊनच अंधारात विमानं पाडायचे.’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. पटतोही, कारण त्यात थोडं खरं आहे. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो आणि गाजराने ती कमतरता भरून निघते. पण कमतरता नसेल तर जास्तीच्या गाजरांनी नजर वाढत नाही. फार खाल्ली तर तळहात मात्र पिवळट होतात! चष्म्याचा नंबर हा बहुतेकदा बुबुळाच्या किंवा डोळ्याच्या गोळ्याच्या आकाराचा प्रश्न, आणि तो आकार काही गाजराने बदलत नाही.

मग विमानं कशी पडली? १९४०च्या सुमारास ब्रिटिश विमानांत रडार बसलं होतं आणि ते गुपित होतं. इथे गेम थिअरीतला, म्हणजे कोण कशासाठी कोणती चाल खेळतो याच्या अभ्यासातला, साधा प्रश्न विचारून बघा: गाजराची गोष्ट पसरवून ब्रिटिश सरकारचा फायदा काय, आणि ती खोटी ठरली तर तोटा काय? फायदा दुहेरी. रडार झाकलं जातं, शिवाय रेशनच्या दिवसांत मुबलक असलेली गाजरं लोक खातात. तोटा जवळपास शून्य. जर्मन खरोखर फसले का, हा वेगळा मुद्दा. रडार त्यांच्याकडेही होतं.

पडताळायचं तर नंबरचा जुना कागद जपा, पुढच्या तपासणीत ताडून बघा. हलवा खायला हरकत नाही.