खतावणीतले कोरे पान

सोलापूरच्या चाटी गल्लीत एखादे गिऱ्हाईक पहिल्यांदाच उधारीवर चादरी घेऊन गेले, तर दिवाणजी खतावणीत त्याच्या नावाचे नवे पान उघडतात, मागील बाकी शून्य धरतात आणि तीत चादरींची रक्कम मिळवतात. पायथॉन या संगणकभाषेतील डिक्शनरी हीसुद्धा एक खतावणीच आहे. गिऱ्हाइकाचे नाव ही तिची ‘की’ आणि बाकी ही ‘व्हॅल्यू’. मात्र जे नाव तिच्यात नाही त्याची बाकी विचारली, तर साधी डिक्शनरी ‘कीएरर’ देते आणि ती चूक हाताळलेली नसल्यास प्रोग्राम तिथेच थांबतो.

डिक्शनरीला बाकी विचारण्याची ‘गेट’ (get) ही दुसरी रीत वापरून नावासोबत शून्य दिले, तर नोंद नसलेल्या नावासाठी शून्य हे उत्तर मिळते आणि वही जशीच्या तशी राहते. 2006 साली पायथॉन 2.5 सोबत आलेली ‘डिफॉल्टडिक्ट’ ही डिक्शनरीचीच एक जात त्यापुढे जाते. तिला आधी ‘इंट’ (पूर्णांक) सांगून ठेवले, तर अनोळखी नावाला ती शून्य देते, ‘लिस्ट’ सांगितले तर रिकामी यादी देते, आणि चौकटी कंसात नाव लिहून नुसती विचारणा केली तरी त्या नावाचे पान उघडून ठेवते.

ही सोय मोठी आहे, पण माझ्या मते खरी काळजी इथेच घ्यावी लागते. समजा, खाते ‘सिद्धाराम’ या नावाने आहे आणि टंकताना ‘सिद्राम’ झाले. साध्या डिक्शनरीने लगेच अडवले असते. डिफॉल्टडिक्ट मात्र बाकी शून्य सांगते, वहीत एक खोटे गिऱ्हाईक वाढते आणि खरी उधारी दुसऱ्या पानावर तशीच पडून राहते. शिवाय पै न पै चुकती केलेला माणूस आणि दुकानाची पायरीही न चढलेला माणूस, दोघांची बाकी शून्यच दिसते, आणि दुकानदाराच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नोंद आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर ‘इन’ (in) या पायथॉनच्या शब्दाने विचारावे; त्याने पान उघडत नाही.

सी++ या संगणकभाषेतील ‘मॅप’ म्हणजे तिथली डिक्शनरी; तोही चौकटी कंसात विचारताच अशीच नोंद करतो. गो भाषेतील मॅप शून्य देतो, पण नोंद करत नाही आणि मागितल्यास नाव खरोखर होते का, हेही सांगतो.

पायथॉनमध्ये सगळ्या नोंदी भरून झाल्यावर डिफॉल्टडिक्टच्या ‘डिफॉल्ट_फॅक्टरी’ला, म्हणजे ‘इंट’ किंवा ‘लिस्ट’ जिथे सांगून ठेवले त्या जागेला, ‘नन’ (None, म्हणजे काहीच नाही) द्यावे. मग नवी पाने आपोआप उघडणे बंद होते आणि ‘सिद्राम’ विचारल्यावर पुन्हा कीएरर मिळतो.