होमस्कूलमधली छोटी कविता

होमस्कूल म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणं, आणि गोव्यातल्या अशा घरात मराठी लेखनाच्या तासाला निबंध बाजूला ठेवून दोन-तीन ओळींच्या कवितेपासून सुरुवात करायची ही पद्धत. कारण साधं आहे, 'माझा आवडता पक्षी'वर २० ओळी लिही म्हटलं की पोर पेन्सिलीला टोक काढत बसतं, पण १७च अक्षरं म्हटलं की बोटं मोजायला लागतं.

१७ अक्षरं म्हणजे हायकू, ५-७-५. मूळ जपानी, मराठीत शिरीष पै यांनी रुजवला, पण मराठी हायकूत अक्षरं फार कोणी मोजत नाही, तीन ओळी नि त्यातल्या दोनांचं यमक जुळलं की चालतं. घरच्या तासाला मात्र मोजलेली बरी, यमक राहिलं तरी हरकत नाही: 'मांडवीवर / फेरीबोट भिजते / दिवा एकटा'.

छोटा अभंग याहून सोपा, ८-८ अक्षरांचे चरण नि शेवटी यमक: 'पिकली भिरंडं खाली / आजी म्हणे वेळ झाली' (भिरंडं म्हणजे कोकमाची फळं). जोडाक्षर एकच धरायचं, 'म्ह'वरून हमखास भांडण होतं.

ओवी त्यामानाने सैल, पहिले तीन चरण यमकाचे, चौथा आखूड. आणि गोव्याला ती काही परकी नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारक) १५७९ मध्ये इथे आला, मराठी शिकला आणि अख्खं क्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, ते १६१६ साली गोव्यातच रायतूरला (राचोल) छापलं गेलं. त्याला जमलं तर आपल्या पोराला चार चरण जमायला काय हरकत आहे!

चारोळी चंद्रशेखर गोखले यांच्यामुळे घरोघरी पोचली, पण लेखनपाठाला ती तितकी पटत नाही, अक्षरांचं बंधन नसल्याने मुलं यमक जुळवून मोकळी होतात नि सगळं ग्रीटिंग कार्डासारखं वाटायला लागतं.

गोव्यातली खरी गंमत भाषेची. १९८७च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली, घरोघरीही दोन्ही नांदतात, म्हणजे पोर बोलतं कोकणी नि लिहितं मराठी. एरवी ही सरमिसळ लाल पेनने खोडली जाते, पण एक अक्षर कमी पडलं की तेच पोर 'पाणी' काढून 'उदक' घालतं, मराठीत ते जुनं-पोथीतलं, इथे रोजच्या तोंडचं, आणि एका अक्षरापायी दोन्ही शब्द तोलून बघितले जातात. पर्यायी शब्दांची यादी पाठ करून हे येत नाही.

परीक्षेची काळजी असलेले पालक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळतात, तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. तिकडे गद्य लिहावंच लागतं, म्हणून कविता झाली की दुसऱ्या दिवशी तिच्यात न मावलेलं पाच वाक्यांत लिहून घ्यायचं: भिरंडं कोणी वेचली, आगळाला, म्हणजे कोकमाच्या रसाला, मीठ किती घातलं, आजी कोणावर ओरडली.