सीमेवरील घटनात्मक हक्क (अमेरिका)

सीमेवरील घटनात्मक हक्क : अमेरिकेच्या सीमेवर, बंदरात किंवा विमानतळावर येऊन पोचलेल्या माणसाला, विशेषतः तो परदेशी असेल तर, त्या देशाची राज्यघटना कितपत संरक्षण देते, यासंबंधीचे तत्त्व व न्यायनिर्णय. घटनेच्या शब्दांवरून पाहिले तर उत्तर सोपे वाटते. पाचवी (१७९१) व चौदावी (१८६८) या घटनादुरुस्त्या उचित कायदेशीर प्रक्रियेविना जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेण्यास मनाई करतात आणि ती करताना ‘नागरिक’ नव्हे, तर ‘व्यक्ती’ हा शब्द वापरतात. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी धोबीव्यावसायिकांना परवाने नाकारले गेले, तेव्हा ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स’ (१८८६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समान संरक्षणाचा हक्क परकीयांनाही असल्याचे मान्य केले. पुढे १८९६ मध्ये, ज्यूरीपुढे खटला न चालवता परकीयांना सक्तमजुरीची शिक्षा देता येणार नाही, असेही ठरले.

हे संरक्षण देशात राहणाऱ्यांचे होते. दारात उभ्या असलेल्यांबाबत त्याच न्यायालयाची भाषा निराळी राहिली. चे चान पिंग हा कामगार परतीचा दाखला घेऊन चीनला गेला होता. तो परतीच्या जहाजावर असतानाच १८८८ च्या कायद्याने असे सर्व दाखले रद्द केले. कोणाला प्रवेश द्यावा हे ठरवणे सार्वभौम सत्तेचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने १८८९ मध्ये त्याला परत पाठवण्याचा निर्णय कायम केला. प्रवेशाच्या बाबतीत संसद व शासन यांना जवळजवळ अनिर्बंध अधिकार देणारी विचारसरणी येथून सुरू होते.

तिचे टोक ‘मेझेई’ खटल्यात (१९५३) दिसते. सुमारे पंचवीस वर्षे बफलो शहरात राहिलेला हा गृहस्थ आजारी आईला भेटायला युरोपात गेला आणि हंगेरीत अडकून पडला. परतल्यावर त्याला गोपनीय माहितीच्या आधारे, सुनावणीशिवाय प्रवेश नाकारण्यात आला. दुसरा कोणताही देश त्याला घेईना, म्हणून तो न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर (तेथे स्थलांतरितांची तपासणी होई) स्थानबद्ध राहिला. बेट अमेरिकेचेच होते, तरी कायद्याच्या लेखी तो अजून उंबरठ्याबाहेरच आहे, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. ही कायदेशीर कल्पना आजही टिकून आहे. सीमा ओलांडून सुमारे २३ मीटर आत पकडल्या गेलेल्या एका श्रीलंकन आश्रयार्थीला २०२० मध्ये तीच लागू झाली. उलट, अल्पकाळ बाहेर जाऊन आलेल्या कायम रहिवाशाला उचित सुनावणीचा हक्क असल्याचे १९८२ मध्ये मान्य झाले. परकीयाचे देशाशी असलेले नाते जितके घट्ट, तितका त्याचा हक्क भक्कम, असा या निर्णयांचा कल आहे. मेझेईची पंचवीस वर्षे त्यात कशी बसतात, हे मात्र सांगणे अवघड आहे.

झडतीच्या बाबतीत स्वतः नागरिकही फारसा सुरक्षित नाही. चौथी घटनादुरुस्ती गैरवाजवी झडतीस मनाई करते. पण ती प्रस्तावित करणाऱ्या पहिल्याच काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) १७८९ मध्ये सीमाशुल्क अधिकाऱ्यांना जहाजांची झडती घेण्याचे व्यापक अधिकार दिले होते. त्यामुळे सीमेवरील नित्याच्या झडतीला वॉरंट किंवा संशयही लागत नाही. २००४ च्या निर्णयानुसार मोटारीची इंधनटाकीसुद्धा कारणाशिवाय उघडता येते. पोटात अमली पदार्थ लपवल्याच्या शंकेवरून प्रवाशाला दीर्घकाळ अडकवून ठेवायचे असेल, तर वाजवी संशय पुरेसा मानला जातो (१९८५). मोबाइल फोनचा प्रश्न मात्र अनिर्णित आहे. अटकेच्या वेळी जप्त केलेल्या फोनच्या तपासणीस एरवी वॉरंट लागते, हा २०१४ चा निर्णय सीमेवर लागू होतो काय, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेले नाही. सखोल तांत्रिक तपासणीसाठी काही अपील न्यायालये वाजवी संशय आवश्यक मानतात, तर अकराव्या मंडलाचे (देशाच्या आग्नेय भागातील काही राज्यांसाठीचे) अपील न्यायालय त्याचीही गरज मानत नाही. नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, पण त्याचा फोन काही काळ ठेवून घेतला जाऊ शकतो.

सीमेपलीकडे घटना पोचते का, याची उत्तरेही एकसारखी नाहीत. मेक्सिकोतील परकीयाच्या घरझडतीस चौथी दुरुस्ती लागू नाही (१९९०). क्यूबातील ग्वांतानामो या अमेरिकी नाविक तळावरील परकीय बंद्यांना मात्र बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा, हक्क आहे (२००८). अमेरिकी हद्दीत उभ्या असलेल्या सीमारक्षकाने मेक्सिकोच्या हद्दीतील पंधरा वर्षांच्या मुलावर गोळी झाडली, त्या प्रकरणी कुटुंबाला नुकसानभरपाईचा दावाच लावता येणार नाही, असे २०२० मध्ये ठरले. त्या मुलाला घटनेचे संरक्षण होते की नाही, हा मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला नाही.