एका घरानं हुकलेला जॅकपॉट

कॅरममध्ये क्वीन पॉकेटच्या कडेला आदळून परत आली, तर मेंदू त्याची नोंद ठेवतो आणि ते योग्यच आहे. नेम जवळजवळ बरोबर होता. पुढच्या वेळी स्ट्रायकर केसभर सरकवायचा. स्लॉट मशीन म्हणजे कॅसिनोतलं जुगाराचं यंत्र: चित्रांची चाकं फिरतात, सारखी चित्रं एका रेषेवर थांबली की जिंकलात. तिथे असा नेम लावायची सोयच नसते. बटण दाबताक्षणी आतली चिप एक आकडा काढते आणि निकाल तिथेच लागतो. त्यानंतर फिरणारी चाकं निव्वळ शोभेची. तिसरं ‘७’ रेषेच्या एक घर वर थांबलं काय किंवा पार पलीकडे, पैसे सारखेच गेले.

मेंदूला हे पटतं का? केंब्रिज विद्यापीठातले संशोधक ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एफएमआरआय स्कॅनर, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते दाखवणारं यंत्र, लावून पाहिलं. पडद्यावर दोन चाकं, दोन्हींवर तीच सहा चित्रं. डाव्या चाकावरचं एक चित्र ठरलं की उजवं फिरणार. तेच चित्र रेषेवर आलं तर ५० पेन्स. सहातली एक जागा जिंकण्याची, तिला लागून वरखाली दोन थोडक्यात हुकण्याच्या, उरलेल्या तीन सरळ हरण्याच्या. जिंकल्यावर मेंदूतले व्हेंट्रल स्ट्रायेटम आणि इन्सुला हे भाग सक्रिय झाले. थोडक्यात हुकल्यावरही तेच झाले, हातात एक पेनी न पडता.

खरी मेख पुढे आहे. थोडक्यात हुकणं लोकांना सरळ हरण्यापेक्षाही जास्त झोंबलं, तरी पुन्हा खेळायची इच्छा वाढली. चित्र स्वतः निवडलेलं असेल तेव्हाच मात्र; संगणकानं निवडलेलं असलं की नाही. आपला हात लागला की मेंदू कॅरमचा हिशेब मांडू लागतो. लॉटरीचा नंबर स्वतःच निवडायचा हट्टही त्याच जातीचा. पुढे २०१४ मध्ये इन्सुलाला इजा झालेल्या रुग्णांना असाच खेळ दिला, तेव्हा त्यांच्यात ही ओढ दिसली नाही.

मशीन बनवणाऱ्यांना स्कॅनरची गरज पडली नव्हती. इंगे टेलनेस यांना १९८४ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटची युक्ती अशी: चाकावर दिसायला २२ थांबे, पण चिप प्रत्येक चाकासाठी निवडते, समजा, ६४ आकड्यांतून. जॅकपॉटच्या चित्राच्या वाट्याला त्यातला एकच आकडा. तीन चाकं पाहून खेळणाऱ्याला वाटतं, १०,६४८ मध्ये एक संधी. प्रत्यक्षात ती २,६२,१४४ मध्ये एक. आता जॅकपॉटच्या वरखालच्या रिकाम्या जागांना पाच-पाच आकडे द्या. खिडकीत रेषेच्या वरचं आणि खालचं घरही दिसतं. मग ते चित्र एकदा रेषेवर येतं आणि दहादा तिला लागून थांबतं.